एका लॅपला किती रुपये? खिशाला झेपणारी बाइक रेसिंग उभी करताना

अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही गेज बनवतो: प्लग गेज, रिंग गेज, स्नॅप गेज. कंपन्यांना पार्ट मोजायला लागतात ते. रेसिंगशी संबंध म्हणाल तर कॉलेजात असताना आरएक्स १०० घेऊन मातीच्या रेसमध्ये दोन हंगाम पडलो, तेवढाच. पुढे लग्न, लेथ आणि बँकेचे हप्ते.

चार वर्षांपूर्वी भाच्याने हट्ट धरला की त्याला डांबरावरची रेस करायचीय. नाशिकला मोटरस्पोर्टचं नवल नाही. रॅली ऑफ महाराष्ट्र इथे झालेली आहे, मातीतल्या रेसला तर गर्दी लोटते. पण डांबरी सर्किट नाही. मग पिकअपमध्ये गाडी बांधली आणि चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला गेलो. जायला दोन दिवस, यायला दोन. परत आल्यावर सवयीने हिशेब मांडला. डिझेल, टोल, लॉज, एंट्री, टायर, सगळं मिळून ५५ हजार. पोरगा गाडी चालवला किती? सरावाचे ८ लॅप (लॅप म्हणजे सर्किटचा एक फेरा), क्वालिफाइंगचे, म्हणजे रेसला कोण कुठे उभं राहणार ते ठरवणारे ६, रेसचे ८. एकूण २२. म्हणजे एका लॅपला अडीच हजार रुपये. ताईने आकडा ऐकला आणि म्हणाली, "अडीच हजारात येवल्याला सेमी पैठणी येते, ती दहा वर्षं टिकते."

तेव्हापासून मी रेसिंगचा खर्च लॅपमध्येच मोजतो. तुम्हालाही तेच सांगेन. तुमच्या गावात नवशिक्यांचा क्लास (शिकवणी नव्हे, ठरलेल्या गाड्यांचा रेसमधला गट) काढायचा असेल तर पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: पोराला एक लॅप कितीला पडणार? गाडी, टायर, ट्रॅक, नियम, सगळे निर्णय त्या प्रश्नाला विचारून घ्यायचे. आमचा क्लास आज एका लॅपला सव्वाशे रुपयांवर चालतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

गाडी एकच, आणि जुनी

पहिल्या बैठकीला पाथर्डी फाट्यावरच्या मिसळीच्या दुकानात अकरा जण होते आणि गाड्यांची नावं चौदा. कुणाला आर १५ हवी, कुणाला पल्सर २२०, एकाला तर ड्यूक. "दीडशे सीसीपर्यंत काहीही" असा क्लास ठेवावा असं बहुमत होतं. तो मोह टाळा. दीडशे सीसीत पाणी-थंड, चार व्हॉल्व्हची आर १५ बसते आणि हवा-थंड, दोन व्हॉल्व्हची रोजच्या वापराची कम्यूटरही बसते. हंगामातल्या दुसऱ्या राउंडपर्यंत (राउंड म्हणजे रेसचा एक दिवस) सगळ्यांना आर १५ घ्यावी लागते आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो घरी बसतो.

आम्ही यामाहाची कार्बोरेटरवाली एफझी निवडली. २००८ ला आली, पुढे २०१४ मध्ये फ्युएल इंजेक्शनची आली आणि ही जुनी झाली. १५३ सीसी, हवा-थंड, पाच गिअर. दोन्ही चाकं १७ इंची आणि मागचा टायर १४० चा, त्यामुळे वळणावर भरवसा देते. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्या ड्रमवरून सगळ्यांनी नाकं मुरडली. माझं मत वेगळं आहे. नवशिक्याच्या उजव्या पायाला जितका कमकुवत ब्रेक, तितकं मागचं चाक कमी सरकतं. नाशिकला ही गाडी गल्लोगल्ली आहे, द्वारकेपासून सिन्नरपर्यंत कुठल्याही मेकॅनिकला ती डोळे मिटून खोलता येते आणि भंगारात पार्ट मिळतात. आम्हाला गाड्या २२ ते ३० हजारांत मिळाल्या.

तुमच्या गावात दुसरी गाडी जास्त असेल तर ती घ्या. गाडी चांगली आहे का हे फार बघू नका, भंगारवाल्याकडे तिचे किती साइड कव्हर पडलेत ते बघा. आरसी मात्र जपून ठेवा, गाडी रस्त्यावर नेणार नसलात तरी. टेम्पोतून नेताना नाक्यावर पहिला प्रश्न कागदांचाच येतो.

नियमाचं एक पान

आमचा नियम एका पानात मावतो आणि त्याचं पहिलं वाक्य असं: जे करायची परवानगी इथे लिहिलेली नाही ते करायचं नाही. हे उलटं लिहिलंत, म्हणजे "काय करू नये" याची यादी केलीत, की संपलं. यादीत नसलेलं काहीतरी करणारा हुशार माणूस प्रत्येक गॅरेजात असतो.

परवानगी कशाला? कार्बोरेटरमधून पेट्रोल किती जाणार ते ठरवणारे मेन जेट आणि पायलट जेट बदला. चेन-स्पॉकेट हवं ते लावा. ब्रेक शू, पॅड, ब्रेकची नळी, हँडल, फूटरेस्ट तुमच्या मर्जीचे. पुढच्या फोर्कमधलं तेल जाड घ्या. बास. सायलेन्सर कंपनीचाच, एअर फिल्टरचा डबा कंपनीचाच, मागचा शॉक कंपनीचाच. सायलेन्सरवरून भांडण झालं, कारण आवाजाशिवाय रेस कसली असं पोरांना वाटतं. पण बाजारातला एक सायलेन्सर आला की त्याच्यामागे जेट, मग फिल्टर, मग हेड (सिलिंडरचं वरचं झाकण), अशी रांग लागते.

सूट द्यायची एक जागा मात्र विसरू नका. गाड्या बारा-पंधरा वर्षांच्या, सिलिंडर झिजलेले. "बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) कंपनीचाच" असा कडक नियम केला तर पोराला नवा सिलिंडर ब्लॉक विकत घ्यावा लागतो. म्हणून ५८ मिलिमीटरच्या बोअरला आम्ही अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन चालू देतो. त्याने अडीच सीसीच्या वर थोडी भर पडते, लॅपमध्ये ती कुणाला दिसत नाही.

टायरचं एकच मॉडेल, रस्त्यावरचं, आणि पूर्ण हंगामाला एकच जोडी. पहिल्या राउंडला प्रत्येक टायरच्या कडेवर मी पेंटने नंबर टाकतो. पंक्चर वगळता नंबर नसलेला टायर दिसला तर गाडी शेवटच्या रांगेत. रेसिंगमध्ये पैसा जातो तो टायरमध्ये. मऊ टायर एका राउंडला दोन सेकंद देतो आणि पुढच्या राउंडला खिसा कापतो.

मोजणार कसं?

इथे माझा धंदा कामाला आला. न मोजता येणारा नियम लिहू नका. दर राउंडला इंजिन खोलणं शक्य नाही, पोरं गॅस्केटच्या पैशानेच रडतील. हेड किंवा ब्लॉक घासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या पेट्रोल-हवेवरचा दाब, वाढवणं हा सगळ्यात जुना उद्योग, आणि तो इंजिन न खोलता पकडता येतो.

त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी काचेची ब्युरेट घ्या. गाडी थंड होऊ द्या. स्पार्क प्लग काढा, चाक फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणा, गाडी अशी तिरपी करा की प्लगचं भोक सगळ्यात उंच येईल. ब्युरेटमधून पातळ तेल थेंबाथेंबाने सोडा. भोकाच्या आतल्या आट्याला तेल टेकलं की थांबा आणि आकडा वाचा. एफझीचं कॉम्प्रेशन ९.५ ला १ आहे, म्हणजे १५३ सीसीला ९.५ वजा १, अर्थात साडेआठाने भागा: पिस्टनच्या वर १८ सीसी जागा. ब्लॉक खालून अर्धा मिलिमीटर घासला असेल तर सुमारे १.३ सीसी कमी भरतं आणि कॉम्प्रेशन १० च्या पुढे जातं. आम्ही साडेसतरापर्यंत सोडतो, त्याखाली आलं तर हेड उतरवायचं. तेल भरताना घाई केली की हवेचा बुडबुडा अडकतो आणि चोर नसलेला पोरगा चोर ठरतो. माझ्याकडून पहिल्या राउंडला हे झालं. दुसऱ्यांदा मोजलं, आकडा बरोबर आला, सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली.

कार्बोरेटरच्या तोंडासाठी मी लेथवर एक गो-नो गो गेज केला. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड. बारीक टोक गेलं पाहिजे, जाड टोक अडलं पाहिजे. दहा सेकंदांचं काम, वाद घालायला जागा नाही. तो गेज पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतो त्या जागेत, टेबलावर उघडा ठेवतो. कुणीही उचलावा, स्वतःची गाडी मोजावी, शेजाऱ्याचीही मोजावी.

वायर, ट्रे आणि माझी चूक

गाडी ट्रॅकवर जायच्या आधी आरसे, इंडिकेटर, साइड आणि मेन स्टँड, साडी गार्ड, नंबरप्लेट काढायची. हेडलाइट काढा किंवा टेपने पूर्ण झाका. लिव्हरच्या टोकाला गोळी शाबूत हवी. मागच्या चेनजवळ जाड प्लास्टिकचा गार्ड लावा, पडलेल्याचं बोट स्पॉकेटमध्ये जाऊ नये म्हणून. हँडलवर इंजिन बंद करायचं बटण, अंगठ्याने दाबता येईल असं.

आणि सेफ्टी वायर. तेलाच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याला कोपऱ्यातून दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं, ०.८ ची स्टीलची तार ओवायची, पीळ द्यायचा आणि तारेचं दुसरं टोक केसिंगच्या एखाद्या कानाला बांधायचं. तार अशा बाजूने ओढायची की बोल्ट सैल होऊ लागला तर तार ताणून त्याला घट्ट व्हायच्या दिशेला खेचेल. निम्मी पोरं उलट्या बाजूने बांधतात आणि वर म्हणतात, वायर आहे ना भाऊ.

दुसऱ्या राउंडला मी ड्रेन बोल्ट तपासले, तेल भरायचं झाकण तपासलं. तेलाच्या फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट तपासले नाहीत. एका गाडीचा तिथला बोल्ट सुटला. चौथ्या लॅपला डाव्या वळणावर तेल सांडलं आणि मागून आलेली चार पोरं कॅरमच्या सोंगट्यांसारखी एकापाठोपाठ बाहेर गेली. तिघं उठून उभे राहिले, चौथ्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्याच्या वडिलांना फोन मीच केला. ते इतकंच म्हणाले, "तपासणारे तुम्हीच ना?" त्या रात्री परतताना गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

आता फिल्टरचे बोल्टही वायरने बांधलेले लागतात, आणि इंजिनाखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ट्रे सक्तीचा आहे. इंजिनातलं सगळं तेल मावेल एवढा खोल. वर्कशॉपमध्ये आम्ही तो साडेचारशे रुपयांत वाकवून देतो.

अंगावरचे कपडे गाडीपेक्षा महाग

हे कुणी आधी सांगत नाही. गाडी २५ हजारांची आणि लेदर सूट, बूट, मनगटापर्यंतचे ग्लोव्हज, बॅक प्रोटेक्टर, चांगलं फुल-फेस हेल्मेट मिळून ४५ हजारांच्या वर. इथे काटकसर चालत नाही. जीन्स आणि गुडघ्याच्या वाट्या घालून आलेल्या पोराला आम्ही परत पाठवलंय, सख्खा भाचा असला तरी. हेल्मेटचा पट्टा दोन कड्यांचा हवा, खटका नको. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा ट्रॅकवर येणार नाही. मी त्यावर जाड मार्करने फुली मारतो.

मग स्वस्त कसं करायचं? पोरांच्या दोन बॅच पाडा. अ बॅच ट्रॅकवर असताना ब बॅच मोकळी असते. एकाच मापाची दोन पोरं एक सूट वापरू शकतात. आम्ही वर्गणी काढून चार मापांचे सहा सूट घेतले, दर राउंडला भाडं ५०० रुपये. आत घालायचा पातळ इनर सूट ज्याचा त्याचा, ही अट पहिल्या दुपारनंतर आली. कारण ज्याला वास आला त्यालाच विचारा. काही जोड्या गाडीसुद्धा वाटून घेतात: एक अ मध्ये, एक ब मध्ये, खर्च निम्मा. हेल्मेट मात्र कुणाचं कुणाला द्यायचं नाही.

ट्रॅक, परवानगी आणि पैशांची वही

गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडला रात्री बारानंतर जे चालतं त्याला रेसिंग म्हणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्ष आणि दहा हजार. "रिकामा रस्ता आहे, रविवारी बंद करून घेऊ" असं सुचवणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. त्याला चहा पाजा आणि पुढचा विषय घ्या.

जुन्या काळी मद्रासजवळच्या शोलावरमला विमानांच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या. आपल्याकडे ओझर आहे, देवळालीची छावणी आहे, पण तिथली धावपट्टी मागायला जाण्याइतकी माझी ओळख नाही. आम्ही कार्टिंगचा, म्हणजे छोट्या चारचाकी रेसिंग गाड्यांचा ट्रॅक आठवड्याच्या मधल्या दिवशी भाड्याने घेतो. पहाटे दोनला निघालं की सातला पोचतो. दीडशे सीसीच्या गाडीला तो ट्रॅक पुरून उरतो. लॅप पन्नास सेकंदांचा, वेग चौथ्या गिअरच्या पुढे जात नाही, आणि वळणं इतकी की पोरगा दिवसभरात जितकी वळणं घेतो तितकी मोठ्या सर्किटवर दोन राउंडमध्ये घेणार नाही. ट्रॅक अरुंद असतो, म्हणून एका वेळी आठच गाड्या. आदल्या दिवशी कडेचे टायरचे ढीग स्वतः चालत जाऊन पाहा. कार्टसाठी रचलेला ढीग बाइकवाल्याला नको तिथे असू शकतो. आमच्यावेळी दोन ठिकाणी मागे सरकवावे लागले.

परवानगीचं थोडक्यात: देशात मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. नवा क्लब काढत बसू नका. संस्थेशी आधीपासून संलग्न असलेल्या क्लबकडे नियमाचं पान आणि हिशेबाची वही घेऊन जा आणि त्यांच्या छत्राखाली चालवा. रॅली करणाऱ्या मंडळींकडे मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभे राहणारे), वायरलेस, कागदपत्रांची सवय, सगळं तयार असतं. विम्याचा कागद हातात आल्याशिवाय एकही गाडी टेम्पोतून उतरवायची नाही.

आमची एका राउंडची वही अशी आहे. १६ जण, एंट्री साडेचार हजार, जमा ७२ हजार. ट्रॅकचं भाडं ३८, डॉक्टरसकट ॲम्ब्युलन्स १२, परवानगी आणि विमा १०, मार्शलांचा प्रवास आणि जेवण ९. उरले तीन हजार, ते तार, पेंट आणि कुणीतरी विसरलेल्या पेट्रोलमध्ये जातात. पोराला एंट्री साडेचार, टेम्पोचा वाटा अडीच, पेट्रोल-जेवण एक, म्हणजे आठ हजार. सरावाच्या दोन सत्रांत २८ लॅप, वेळेचे ६, पंधरा-पंधराच्या दोन रेस. ६४ लॅप. भागून बघा.

बक्षिसाची रोख रक्कम ठेवू नका. आम्ही पहिल्या तिघांना कप देतो आणि शेवटून पहिल्याला इंजिन ऑइलचा डबा. रोख आली की त्या रकमेपेक्षा जास्त खर्च करून ती जिंकायला येणारा माणूस येतो.

ॲम्ब्युलन्स ट्रॅकवरून पेशंट घेऊन निघाली की रेस थांबवायची, ती परत येईपर्यंत एकही गाडी सुरू करायची नाही. पोरं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

मार्शल म्हणून आम्ही त्याच दिवशीच्या रिकाम्या बॅचला उभं करत नाही. थकलेला, मोबाइल बघणारा मार्शल नसलेलाच बरा. आधीच्या रविवारी वर्कशॉपमध्ये झेंड्यांची तालीम घेतो. पिवळा हलला की ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून जलद गाडी येतेय, आपली रेषा सोडू नका. काळ्यावर केशरी गोल आणि तुमचा नंबर दिसला तर गाडीत बिघाड आहे, लगेच बाहेर. लाल म्हणजे सगळं थांबलं.

तारखा ठरवताना नाशिककर म्हणून एक अडचण येते. आमच्या सोळातले पाच जण दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातले, द्राक्षाच्या घरचे. ऑक्टोबरात छाटणी, पुढे डिपिंग (घड औषधात बुडवणं), फेब्रुवारी-मार्चात काढणी. त्यांना मोकळा महिना नाहीच, आणि पावसाळ्यात आम्हाला ट्रॅक नको. म्हणून चार राउंड आणि त्यातले चांगले तीनच धरायचे. बाग सोडून येता आलं नाही तरी पोरगा हंगामातून बाद होत नाही.

इंजिन विकत घेण्याचा नियम

एवढं करूनही कुणीतरी चोरून पैसा ओततोच. त्यावर जुना उपाय आहे, दाव्याचा नियम. रेस पूर्ण केलेल्या कुठल्याही पोराने निकालानंतर अर्ध्या तासात ठरलेली रक्कम टेबलावर ठेवली तर जिंकणाऱ्याचं इंजिन त्याचं. मोटोजीपी या बाइक रेसिंगच्या जागतिक स्पर्धेतही २०१२ मध्ये सीआरटी, म्हणजे कमी खर्चातल्या संघांच्या इंजिनांसाठी असा नियम होता, गिअरबॉक्ससकट २० हजार युरोचा. आमच्याकडे १२ हजार रुपये. बारा हजारांना जाणाऱ्या इंजिनावर तीस हजार कोण घालेल?

ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यामाहाच्या ३५० एलसीवर प्रो-ॲम नावाची मालिका होती. तिथे सगळ्या गाड्या कंपनीच्या आणि किल्ल्या चिठ्ठीसारख्या उचलायच्या, ज्याला जी येईल ती. मला ते फार आवडतं, पण आमच्या गाड्या ज्याच्या त्याच्या पैशाच्या. किल्ली उचलायला लावली तर पॅडॉकमध्ये मारामारी होईल.

दावा आतापर्यंत एकदाच झालाय. सातपूरचा एक गॅरेजवाला पोरगा सलग तीन रेस जिंकला. सरळ रस्त्यावर त्याची गाडी उडते असं सगळ्यांचं म्हणणं. पाचव्या आलेल्याने मित्रांकडून नोटा गोळा केल्या, अठ्ठावीस मिनिटांनी टेबलावर १२ हजार मोजले. तिथेच इंजिन उतरवलं. सोमवारी तो ते माझ्याकडे घेऊन आला, म्हणाला, काका, खोला, आत काय केलंय बघू. मी आधी ब्युरेट लावली. अठरा. मग हेड उतरवलं, व्हर्नियर लावला, कॅम कंपनीचा, व्हॉल्व्ह कंपनीचे, पिस्टन क्वार्टर ओव्हरसाइज, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा, तोही नियमात. रिंगा नीट बसवलेल्या आणि व्हॉल्व्हचं सेटिंग अचूक, एवढंच. पोरगा बराच वेळ उघड्या इंजिनाकडे बघत बसला.

पुढच्या राउंडला त्या इंजिनावर तो पुन्हा पाचवा आला. सातपूरवाल्याने भंगारातून नऊ हजारांत दुसरं इंजिन बांधलं आणि पहिला आला. आता तो माझ्यामागे लागलाय की दाव्याची रक्कम बारावरून पंधरा करा, म्हणजे दर वेळी सहा हजार सुटतील.